सोडायचा विषय

घंटा वाजली तेव्हा ग्लेन टॉफ्टे अजून जिन्यातच होता. स्पॅनिशचा वर्ग वरच्या मजल्यावर, व्यायामशाळा इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मधे वेळ फक्त चार मिनिटं. धापा टाकत तो आत शिरला तेव्हा बाकीचे पालक केव्हाच स्थिरस्थावर झाले होते.

"उशीर झाला," गळ्यात शिट्टी अडकवलेले सर म्हणाले. "पण वाईट वाटून घेऊ नका. तुमची ब्रिटापण रोज अशीच पळत येते."

दर सप्टेंबरात शाळेत ही पालकांची संध्याकाळ असते. आपल्या मुलाचं वेळापत्रक हातात घ्यायचं आणि घंटेबरोबर वर्गावर्गांतून हिंडायचं. तास दहा मिनिटांचा, पण वर्ग सातच्या सात. ग्लेन दरवर्षी गोठ्याचं कारण सांगून दांडी मारायचा. यंदा ब्रिटानं त्याला कोपऱ्यात गाठलं होतं. केमिस्ट्री सोडायचा फॉर्म तिनं भरून ठेवला होता. उद्या सकाळी तो ऑफिसात गेला नाही, तर वर्षभर सुटका नव्हती, आणि बापाच्या सहीशिवाय तो कोणी घेणार नव्हतं.

"सही कर ना बाबा. मला नाही झेपत आता."

"आम्ही साठ गायींचं दूध काढून शाळेत जायचो. कधी रडलो का?"

"तुझ्या वेळी सात विषयांचा रोज गृहपाठ होता का?"

"नाचता येईना, अंगण वाकडं! गुरांची डॉक्टर व्हायचंय आणि केमिस्ट्री नको? गायी काय स्पॅनिशमध्ये हंबरतात?"

"तू एकदा जाऊन तर ये. मग बोल," असं म्हणून तिनं वेळापत्रक आणि फॉर्म दोन्ही त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबले होते.

तर तो आला होता. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, "माझा अभ्यास फार नसतो हं. रोज अर्धा तास." इतिहासाचे सरही म्हणाले, रोज अर्धा तास. बीजगणितवाल्यांनी अर्ध्या तासाला 'शक्यतो' जोडलं. ट्रम्पेटचा सराव अर्धा तास. स्पॅनिशच्या बाईंनी तेच आधी स्पॅनिशमध्ये सांगितलं. आता हे शिट्टीवाले सर म्हणत होते, मुलांनी घरी अर्धा तास पळायला हवं. कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाचा अर्धा तास अगदी खरा होता. या सगळ्यांत मुलगी मात्र एकच आहे, एवढंच त्यांच्यातल्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

केमिस्ट्रीच्या वर्गाकडे पळताना ग्लेननं बोटांवर हिशेब केला. थेंबे थेंबे तळं चांगलंच साचलं होतं. बसचा एक तास, संध्याकाळची वासरं, जेवण, वर केमिस्ट्री धरून हे साडेतीन तास. पोरीनं झोपायचं तरी कधी? विस्कॉन्सिनभर शोधला तरी त्याच्याइतका हट्टी माणूस सापडला नसता, पण आज तो मनातल्या मनात हरला. एक विषय कमी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. डॉक्टरकी गेली तर गेली. पोर धड राहिली म्हणजे झालं. तो ब्रिटाच्या बाकात कसाबसा मावला आणि सही करायला फॉर्म काढून पुढ्यात ठेवला. त्याला फार वाईट वाटत होतं.

मिसेस क्विगली गुण कसे देतात ते सांगू लागल्या. वर्गात ऊब होती, आवाज एकसुरी होता. ग्लेननं कोपर टेकलं. मग हनुवटी तळहातावर टेकली.

"मिस्टर टॉफ्टे!"

तो दचकून उठला. वर्ग रिकामा झाला होता. मिसेस क्विगली समोर उभ्या राहून हसत होत्या.

"घोरत होतात म्हणून कोणी उठवलं नाही. बाकातच काहीतरी दोष असावा. ब्रिटापण इथंच झोपते."

ग्लेनचे कान लाल झाले. "तिला तुमचा विषय जमत नाही ना, बाई? खरं सांगा."

"जमत नाही? अहो, जागी असते त्या दिवशी फळ्यावरच्या माझ्या चुका काढते! मला तिच्याइतकी हुशार मुलगी कितीतरी वर्षांत मिळाली नव्हती. पण हा दिवसाचा शेवटचा तास. तोवर तिच्यात काही उरतच नाही. उठते तरी किती वाजता ती?"

"चारला," ग्लेन म्हणाला.

आजवर हा आकडा त्यानं छाती फुगवून सांगितला होता. चर्चमध्ये, गुरांच्या खाद्याच्या दुकानात, नातेवाइकांच्या पंगतीत. आज तो जेमतेम ओठांबाहेर पडला.

बायको दवाखान्यात पहाटेच्या पाळीला जायची, तेव्हा गोठ्यात बाप-लेक दोघंच असत. दोघं मिळून दोन तासांचं काम. एकट्याला साडेतीन. म्हणजे अडीचला उठावं लागणार.

"च्यायला," ग्लेन म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं. "बाई, पेन आहे का हो?"

मग 'सोडायचा विषय' या रकान्यातली केमिस्ट्री त्यानं खोडली, वर ठसठशीत अक्षरांत 'पहाटेच्या गायी' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.