साता समुद्रापारची दृष्ट

“म्हंजे आता अमेरिकेची बाई उंब्रजात येऊन दृष्ट काढनार?” धोंडुबाईनं विचारलं आणि ती मटकन खालीच बसली.

साल पंच्याण्णव. मिलिटरीतून रिटायर झालेल्या लालासाहेबांना पारावर पेपर मोठ्यानं वाचायची भारी हौस. जगातल्या देशांनी व्यापाराचा करार केलाय, आता नुसता मालच नव्हे तर सेवासुद्धा सरहद्दीपार विकता येणार, एवढंच छापलेलं. पुढचं तिखटमीठ लालासाहेबांचं.

“यायची तरी काय गरज, मावशी? तिकडनं फोनवरच काढंल की!” लालासाहेब म्हणाले.

धोंडुबाई रडायलाच लागली. चाळीस वर्षं गावच्या पोरांची दृष्ट काढून तिनं पोट भरलेलं. दुसरं काही येत नव्हतं. ह्या वयात बिचारीनं करायचं तरी काय, सांगा!

तेवढ्यात एसटीडी बूथवाला सयाजी पळत आला. “मावशी, चला बिगीबिगी! आक्काताईंच्या दीपमालाचा अमेरिकेतनं फोन आलाय!”

धोंडुबाई बूथवर पोचली, मागोमाग लालासाहेबही. दीपमालाचं तान्हं दोन दिवस किरकिरत होतं. डॉक्टर म्हणे, काही झालेलं नाही.

“मावशी, फोनवरनं निघंल का गं दृष्ट?”

धोंडुबाईनं डोळे पुसले, पदर खोचला. मीठ, मोहरी, मिरच्या रिसीव्हरवरनं सात वेळा ओवाळल्या आणि सयाजीच्या चहाच्या शेगडीत टाकल्या. धूर असा उठला की सयाजी टेबलाखाली आणि लालासाहेब रस्त्यावर!

“ठसका लागला! म्हंजे दृष्ट न्हाई,” लालासाहेब खोकत ओरडले. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तरच दृष्ट लागलेली, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“गप बसा वो! पोर तिकडं हाय, ठसकाबी तिकडचाच धरायचा.” धोंडुबाईनं रिसीव्हर कानाला लावला. “दीपमाला, ठसका लागला का गं?”

“न्हाई, मावशी.”

“पोराला?”

“न्हाई.”

“जावयबापूंस्नी? शेजारीपाजारी?”

“कुनालाच न्हाई. समदी गाढ झोपल्याती.”

धोंडुबाईनं रिसीव्हर छातीशी धरला. मघाचं रडू कुठल्या कुठं पळालं होतं, पण आता तिला दरदरून घाम फुटला.

“आवं लालासाहेब, आख्ख्या अमेरिकेलाच दृष्ट लागलीया की! एवढं काम ह्या वयात मला एकटीला झेपंल का?”