शनिवारची सीडी

बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा उद्या शेवटचा दिवस, आणि रूपाचा फॉर्म अजून कोराच होता. तो पिशवीत घालून गणिताचे केसरीनाथ सर कॉलेज सुटल्यावर थेट दिघाशीला तिच्या घरी आले.

रूपाला श्रावणात कावीळ झाली होती. बारावीचं वर्ष. गणित बुडू नये म्हणून सरांनी शक्कल काढली. कॉलेजातला जुना कॉम्प्युटर वर्गात आणला, हेडफोनचा माइक चिमट्याने कॉलरला अडकवला. शेजारच्या कापडाच्या लूमची खडखड येऊ नये म्हणून खिडक्या लावून, घामाघूम होत शिकवलं. दर शनिवारी आठवड्याचे तास सीडीवर उतरवून तिच्या चुलतभावाच्या, भूपेशच्या हाती दिले. कॉम्प्युटर त्याच्या घरी होता. आजार लांबला असेल असं समजून तीन महिने सीडी जात राहिल्या. तिची हजेरीही सरच लावत. स्टाफरूममध्ये कौतुक होई, आणि ते सरांना आवडे.

"रूपा कुठंय?"

"ड्युटीवर. दापोड्याला, गोडाउनात पॅकिंगला," तिचे वडील लडकू म्हणाले. "येलच आता."

"आणि कावीळ?"

"ती तर नवरात्राआधीच उतरली." लडकू मनापासून हसले. "पन कालेजच घरी येतंय, मग पोरीला रोज कशाला धाडू? तुम्ही हजेरी बी लावता. लय उपकार हायेत सर तुमचे."

सरांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि पिशवीतून फॉर्म काढला.

तेवढ्यात रूपा आली. चेहरा उतरलेला, केसांत पुठ्ठ्याचा भुगा. लडकू चहाचं सांगायला आत गेले. सरांनी फॉर्म पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"नापास होईन मी, सर. 'हे इकडून इकडे घ्या' म्हणून तुम्ही फळ्यावर दाखवता. सीडीत नुसता आवाज येतो."

"अगं, मग मला कळवायचंस तरी!"

"कुणाच्या हाती? भूपेशदादाने बाबांनाच सांगितलं असतं." तिने आतल्या दाराकडे पाहिलं. आवाज खाली आला. "सीडी थांबल्या असत्या तर बाबांनी मला कॉलेजात पाठवलं असतं. दर शनिवारी वाट बघायची मी, सर, आज तरी सीडी येऊ नये म्हणून."