टिपणीस आजोबांची कळ

रेवतीनं मनगटावरचा पट्टा आणखी घट्ट आवळला. तरी कळ येईना. या वृद्धाश्रमात हयगय होऊ नये म्हणून नियमच होता, ज्याची देखभाल करायची त्याचं दुखणं पट्ट्यातून आपल्या अंगात घ्यायचं. टिपणीस आजोबांचे गुडघे दोन वर्षं तिच्याही गुडघ्यांत दुखत होते. पण हा आठवडाभर सगळं शांत होतं. व्यवस्थापक खूश होते, तिला मात्र चैन पडेना.

ती खोलीत गेली. आजोबा खुर्चीत हलायचं नाही असं ठरवल्यासारखे बसले होते. पाय सुजलेले, पाण्याचा तांब्या भरलेलाच.

"सकाळपासून उठलाच नाहीत?"

"उठलो की तुझ्या गुडघ्यात कळ येते."

"ते माझं कामच आहे, आजोबा."

"मोरीत तुला उलट्या होताना ऐकलं मी. दोन जिवांची आहेस तू. पोटातल्याला आत्तापासून माझं म्हातारपण कशाला?"

रेवतीनं दाराकडे पाहिलं. पट्टा काढणाऱ्याची नोकरी जायची. तिनं तो सोडून खिडकीत ठेवला.

"आता धरा मला. उठा."

ते उठले आणि आठवड्यात पहिल्यांदाच मोकळेपणानं कण्हले.