तेजीतली ऑर्डर

अर्थशास्त्राच्या मासिकाच्या संपादकांच्या पत्राला कुंभोजकर सरांनी चार वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ‘तेजी-मंदीचा तुमचा सिद्धांत छापू, मात्र इचलकरंजीचे यंत्रमाग वगळा. एका गावावरून जगाचा नियम निघत नाही,’ असं त्यात होतं. एवढी विद्वान माणसं चुकतील कशी, असं वाटून सरांनी लेख कपाटात ठेवून दिला.

आज शेजारचे माग-कारखानदार बाळगोंडा येऊन पायरीवर बसले.

“सर, तुम्ही म्हणालता तस्संच झालं बगा. तेजीत समद्यांनी एकदमच नवे माग मागवले. ते येऊन चालू हुईस्तवर कापडाचे ढीग लागले. आता कुत्रं विचारंना!”

“मंदी बाहेरून येत नाही, बाळगोंडा. तेजीतच आपण तिची ऑर्डर देतो.”

“मग ह्ये छापा की कुठंतरी!”

सर ताडकन उठून आत गेले. ‘माग राहतील. ते नको असतील, तर सिद्धांतही छापू नका,’ त्यांनी संपादकांना लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

“अहो, फार कडक झालंय,” बायको म्हणाली. “थांबा, चष्मा आणते. जरा मऊ करू.”

तिला चष्मा सापडेपर्यंत पाकीट कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पडलंही होतं.