फोनमधला मुलगा

"काकू, फोन पुसण्याआधी विचारतो, यातला मुलगा नव्या फोनमध्ये घ्यायचा का?" जुने फोन बदलून देणाऱ्या दुकानदाराने विचारलं.

"कोणता मुलगा?" मंदाकिनीबाई गोंधळल्या.

त्याने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. 'शिरीषचा कृत्रिम आवाज. रोज संध्याकाळी सातला आईला फोन, दहा मिनिटं. चार वर्षांपासून चालू.' हा फोन शिरीषनेच कॅनडाहून पाठवला होता.

मंदाकिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "परवा विचारत होता, आई, कुरडयांसाठी गहू किती दिवस भिजवतेस? तीनदा समजावून सांगितलं मी, या मेल्या डबड्याला!"

"मग पुसून टाकू?"

"पुसता कशाला? घ्या नव्यात," त्या कडाडल्या. "आणि त्यात माझाही आवाज भरा. सात वाजले की बसू द्या मायलेकांना बोलत!"