दर कंत्राटाला नवी

सरकारी दवाखान्यात कंत्राटदार बदलला, तसा सफाईवाल्या मावशींचा गणवेश हिरव्याचा निळा झाला. सोळा वर्षांची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसावर आली. “दर कंत्राटाला तू नवी नवरी!” नवरा चिडवायचा. आता तो वरच्याच वॉर्डात घटका मोजत होता. “चार दिवस रजा द्या, भाऊ,” मावशी काकुळतीला आल्या. मुकादम ओशाळला. “नव्यांना वर्ष भरल्याशिवाय रजा नाही, मावशी. मीसुद्धा कालपासून नवाच. फार तर वरचा वॉर्ड देतो.” फडकं घेऊन मावशी नवऱ्याच्या खाटेपाशी बसल्या. निळा गणवेश बघून तो हसला. “आली नवरी!” मग डोळे मिटले. मावशी तीच फरशी पुसत राहिल्या. एक हात फडक्यावर, दुसरा त्याच्या गारठत चाललेल्या बोटांवर. “अहो, किती वेळ तिथंच? नव्या दिसताय,” नर्स लांबून ओरडली. मावशी म्हणाल्या, “हो बाई, नवीच आहे.”