धोंड्याचं घड्याळ

ग्राहक हा या देशाचा राजा आहे, असं सरकारनं एकदाचं जाहीर केलं. त्यातले एक राजे, झरीचे मुंजाजी, एस.टी.त उभ्यानं प्रवास करून परभणीच्या ग्राहक मंचात पोचले.

अधिकमासात जावयाला द्यायला त्यांनी दिल्लीच्या एका कंपनीकडून टपालानं घड्याळ मागवलं होतं. पैसे आगाऊ गेले, अधिकमास सरला, दसराही झाला, घड्याळ काही आलं नाही. धोंडे खायला आलेले जावई सुग्रीवराव मात्र घड्याळाची वाट बघत सासुरवाडीतच राहिले होते. "मामा, मला काई घाई न्हाई," असं ते रोज पाटावर बसून सांगत, आणि सासूबाई पुन्हा पुरण शिजायला टाकत.

मंचाच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कंपनीला घड्याळ द्यावंच लागेल, वर नुकसानभरपाईही. आणखी काही मागणी?"

मुंजाजींनी हात जोडले.



"साहेब, घड्याळ न्हाई आलं तरी चालंल. पण ते आता जावयाच्या घरी, मानवतला येणार हाय, एवढं लिवून द्या."